जीएनएम, डायलिसिस आणि पहिलीतलं पोर: घर सांभाळून नर्सिंग कसं पुरं करायचं

नर्सिंगला प्रवेश घेतला की घरातल्या सगळ्या दुखण्यांची मालकी आपोआप आपल्याकडे येते. "तुला कळतंय की यातलं" असं म्हणत बीपीच्या गोळ्यांपासून शेजारच्या काकूंच्या शुगर रिपोर्टपर्यंत सगळं आपल्यापुढे ठेवलं जातं. मी जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या डिप्लोमाच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. मुलगा पहिलीत, मिस्टरांची तासगावजवळ द्राक्षबाग, आणि सासूबाईंचं (मी त्यांना आत्या म्हणते) आठवड्यातून दोनदा डायलिसिस. वर्गातल्या निम्म्या मुली माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहेत. जीएनएमला ३५ वर्षांपर्यंत प्रवेश मिळतो, त्यामुळे माझ्यासारख्या लग्न झालेल्या बऱ्याच जणी येतात आणि सहा महिन्यांत घर की नर्सिंगची शाळा या पेचात सापडतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घरचं आजारपण एकटीने अंगावर घ्यायचं नाही. वॉर्डात ड्युटी संपताना पुढच्या शिफ्टला पेशंटची सगळी माहिती सोपवतो, म्हणजे हँडओव्हर देतो, तसा घरातही द्यायचा.

आधी हजेरीचा हिशेब

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानुसार थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत किमान ८० टक्के हजेरी नसेल, तर परीक्षेला बसता येत नाही. गैरहजेरीचं कारण काहीही असो. शिवाय डिप्लोमा हातात पडण्याआधी क्लिनिकलचे तास पूर्ण १०० टक्के भरावे लागतात. म्हणजे चुकलेली ड्युटी माफ होत नाही, कधी ना कधी भरून द्यावीच लागते. थिअरीचं लेक्चर बुडालं तर मैत्रिणीच्या वहीवरून निभतं. वॉर्डातल्या तासाला असा पर्याय नाही. म्हणून रजा घ्यायचीच झाली तर शक्यतो थिअरीच्या दिवसांत घ्या, आणि तीही ८० टक्क्यांकडे लक्ष ठेवून. दर महिन्याच्या शेवटी आपली हजेरी स्वतः मोजून वहीत लिहा, वर्षाअखेर ऑफिसात यादी लागण्याची वाट बघू नका.

ड्युटीची लिस्ट लागली की तिचा फोटो काढून त्याच दिवशी डायलिसिसच्या टेक्निशियनना दाखवते. युनिटमध्येही शिफ्ट असतात. चार दिवस आधी विचारलं तर सकाळचा पेशंट दुपारी होतो, आदल्या रात्री फोन केला तर नाही होत. आमच्याकडे ऑक्टोबरात फळछाटणी सुरू झाली की मिस्टर बागेतून हलत नाहीत, त्यामुळे त्या दिवसांत आत्यांना कोण नेणार हे गणपतीतच ठरवून टाकतो. गणपतीला सगळे भाऊबंद घरी असतात, तोंडावर नाही म्हणत नाहीत.

रजेच्या अर्जात 'घरगुती अडचण' असं मोघम लिहू नका. पेशंटचं नातं, उपचार, तारीख, वेळ लिहा आणि डायलिसिस कार्डाची झेरॉक्स जोडा. ट्यूटर मॅडमना वर्षाच्या सुरुवातीलाच घरची परिस्थिती एकदा नीट सांगून ठेवा. रोज रडगाणं नको, एकदाच, पण सगळं. हॉस्टेलचंही तसंच. लेखी अर्ज केल्यावर मला घरून ये-जा करायची परवानगी मिळाली, पण काही ठिकाणी हॉस्टेल सक्तीचं असतं. प्रवेश घेण्याआधीच विचारा.

घरातला हँडओव्हर

फ्रिजवर एक शंभरपानी वही ठेवली आहे. रकाने साधे: तारीख, सकाळचं वजन, बीपी, पाणी, गोळ्या, फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा), काही विशेष. ही वही मी लिहीत नाही, सासरे लिहितात. आयुष्यभर बेदाण्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवलेला माणूस आहे, एक रकाना रिकामा सोडत नाहीत. "मला कळत नाही यातलं" असं त्यांनी सुरुवातीला म्हणून बघितलं. त्यावर मी त्यांच्या हाताने आत्यांचं बीपी घेववलं, बस्स. आता मी घरी आले की चहाआधी ते मला वाचून दाखवतात: "वजन कालच्यापेक्षा पाऊण किलो जास्त, दुपारची गोळी तीनला." इंटर्नशिपवाल्या मुलीही इतका चोख हँडओव्हर देत नाहीत.

किडनीच्या पेशंटला पाणी मोजून द्यावं लागतं आणि भांडणं नेमकी तिथेच होतात. आम्ही असं करतो. डॉक्टरांनी दिवसाला जेवढं पाणी सांगितलंय, तेवढं सकाळी एका बाटलीत मोजून भरायचं. आत्यांनी कपभर चहा घेतला की तेवढंच पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायचं. ताक, आमटीचं पातळ, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. बाटली संपली की दिवसाचं पाणी संपलं. यात 'सून पाणी देत नाही' हा विषयच उरत नाही, बाटली सगळ्यांना दिसते.

जेवणाचं पथ्य जाऊबाईंकडे. बटाटा, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. नारळपाणी, केळी बंद. बेदाण्याच्या गावात राहून बेदाणाही बंद, याचं आत्यांना फार वाईट वाटतं. एक गोष्ट मात्र पाहुण्यांनाही सांगून ठेवा: 'तब्येतीला चांगलं' म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ अशा घरात आणू नये. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियमच असतं.

फिस्टुला मिस्टरांकडे. रोज सकाळी आत्यांच्या डाव्या मनगटाच्या वर बोटं टेकवून ठेवायची. आत मांजर गुरगुरल्यासारखी बारीक थरथर लागते. ती लागली नाही तर माझी ड्युटी संपायची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्या हाताला बीपी नाही, सुई नाही, घागर उचलणं नाही, त्या कुशीवर झोपणं नाही. घट्ट बांगड्याही नाहीत. चुडा उतरवायला आत्या अजिबात तयार नव्हत्या. शेवटी नणंदेने डाव्या हातातला चुडा काढून उजव्या हातात चढवला आणि डाव्यात एक सैल पाटली ठेवली. मी सांगून जे झालं नसतं ते लेकीने अर्ध्या तासात केलं. कोणतं काम कोणी सांगितलं तर होतं, हेही ठरवावं लागतं.

वहीच्या मागच्या पानावर लाल पेनाने लिहिलंय: दम लागला, आडवं झोपता येईना, थंडी वाजून ताप आला, सुईच्या जागचं रक्त थांबेना, तर १०८ ला फोन. माझा नंबर त्याच्या खाली आहे. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये असतो, त्यामुळे पहिला फोन मला करून काही उपयोग नाही.

आणि पैशाचं एक. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधारवर नाव एकसारखं आहे का ते आधी बघा. आपली शिष्यवृत्ती असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी काय भरायचं ते वेळेत बघा. बायकांना एसटीला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, रोज ये-जा करणारीला हा आधार लहान नाही.

अभ्यास कुठे बसवायचा

रात्री सगळे झोपल्यावर अभ्यास करायचा, असं सगळे सांगतात. मला हा सल्ला पटत नाही. सकाळची ड्युटी, एसटी, स्वयंपाक झाल्यावर अकरा वाजता डोक्यात काही शिरत नाही. डायलिसिस साधारण चार तास चालतं. आत्यांना मी घेऊन जाते त्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर मी फक्त लिहायची कामं करते: केअर प्लॅन, ड्रग बुक, प्रोसिजर बुक. पाठांतर एसटीत. गणितं स्वयंपाकघरात. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक गणित: ५०० मिली सलाइन, आठ तास, एका मिलीला २० थेंब पाडणारा सेट. ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. फ्रिजला खडूने लिहिलं तरी चालतं.

बँडेजिंगसाठी घरातलं पोर उत्तम. घोट्याला फिगर ऑफ एट बांधून घ्यायला माझा मुलगा कधीही तयार असतो, अट एकच, ते बांधून शाळेत जाऊ द्यायचं.

केस स्टडीसाठी मात्र आपल्या घरचा पेशंट घेऊ नका. हिस्ट्री घेताना आपण सून असतो, सिस्टर नाही, आणि मग खरं काही लिहिता येत नाही. शिवाय घरची गोष्ट वर्गात फिरते.

नाईटच्या आठवड्यात मुलगा आजोळी जातो. फराळ विकतचा, लग्नाला अक्षता टाकून परत. यावर जे बोलायचे ते बोलतात.

स्वतःचं दुखणं

हिपॅटायटिस बीचे तीनही डोस, पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा, वॉर्डात जायला लागायच्या आधीच सुरू करा. डायलिसिसच्या पेशंटलाही ही लस लागते, डॉक्टरांना विचारा. सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण-पाण्याने धुऊन लगेच वॉर्ड इन्चार्जना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं लागणार असतील तर जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. 'मॅडम ओरडतील' म्हणून लपवणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत.

घरी आल्यावर आधी आंघोळ, मग आत्यांजवळ. युनिफॉर्म वेगळ्या बादलीत. डोळे आले, कांजिण्या झाल्या, खोकला ताप असेल तर हजेरीच्या भीतीने ड्युटीला जाऊ नका. वॉर्डातल्या पेशंटला आणि घरच्याला दोघांनाही ते महागात पडतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून त्याच तारखेचं सर्टिफिकेट घ्या, फोटो ट्यूटर मॅडमना पाठवा, मूळ कागद पहिल्या दिवशी हजर होताना द्या आणि त्याची पोच घ्या. भरून द्यायच्या ड्युटीची तारीख तेव्हाच मागून घ्या, म्हणजे ती परीक्षेच्या तोंडावर येत नाही.