सांबाच्या माहितीपानात पहिली दुरुस्ती कशी पाठवावी

ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवरचं फोल्डर विंडोजवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसत असेल, तर मध्ये बहुधा सांबा आहे, म्हणजे विंडोज आणि लिनक्स यांच्यात फायली वाटून देणारा खुला प्रोग्रॅम. त्याच्या कामात हातभार लावायला सी भाषेत मुरलेलंच असावं लागतं, असा समज आहे. मला विचाराल तर माहितीपानांच्या, म्हणजे प्रत्येक सेटिंग समजावणाऱ्या मॅन पेजच्या, दारानं शिरा.

ते दार दुय्यम नाही. अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅनबेरात हे काम काढलं, तेव्हा प्रोटोकॉलची, म्हणजे विंडोज फायली मागण्या-देण्यासाठी वापरतं त्या संवादाच्या नियमांची, धड माहितीच हाती नव्हती. फ्रेंच येत नसताना फ्रेंच कॅफेत बसायचं, कोण काय म्हणालं की वेटर काय आणतो ते टिपत राहायचं, अशी उपमा ते स्वतः देत. मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं मिळाली ती त्या कंपनीविरुद्धच्या युरोपातल्या खटल्याच्या निकालानंतर, डिसेंबर २००७ मध्ये, १० हजार युरो मोजून.

आता कामाला लागू. आधी चूक शोधा, आणि ती आपल्याला स्वतःला नडलेली असेल तर उत्तम. उदाहरण घ्या ‘क्रिएट मास्क’चं, म्हणजे नव्या फाइलवर कुणाचे कोणते हक्क उरतील ते ठरवणाऱ्या सेटिंगचं. एकीनं सामायिक फोल्डरमध्ये एक्सेल फाइल ठेवली, शेजारच्याला ती उघडते पण सेव्ह होत नाही. कारण या पर्यायाची मूळ किंमत ०७४४. मालकाला सगळे हक्क, गटाला फक्त वाचन. हा मास्क हक्क देत नाही, फक्त गाळतो. गटाचा लिहिण्याचा हक्क इथेच गळतो. ०६६४ केलं की बहुतेकांचं काम भागतं. हे माहितीपानात आहे, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला कळतं का? अशा जागा हेरा.

मग पडताळा. सांबाची सेटिंग दाखवणारी ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा ‘-v’ जोडून चालवा आणि मूळ किंमत बघा, आणि खऱ्या सामायिक फोल्डरमध्ये फाइल बनवून बघा. ऐकीव माहितीवर एक ओळही बदलू नका.

सांबा टीमचं भांडार, म्हणजे कोड आणि माहितीपानांचा साठा, गिटलॅब या संकेतस्थळावर आहे. ते फोर्क करा (आपल्या खात्यात प्रत घ्या), क्लोन करा (ती आपल्या संगणकावर उतरवा), आणि बदलासाठी वेगळी शाखा काढा. सेटिंगचं लांबलचक मॅन पेज कुणी सलग लिहीत नाही. प्रत्येक पर्यायाची स्वतंत्र एक्सएमएल फाइल असते आणि पान त्यातून तयार होतं. फाइलमध्ये वर्णन, संबंधित पर्याय, मूळ किंमत, नमुना. तुम्हाला बहुधा वर्णनाच्या परिच्छेदाशीच काम. आणि इथली मला सर्वात आवडलेली गोष्ट: पानावरची मूळ किंमत आणि प्रोग्रॅममधली किंमत जुळते का, याची चाचणीच लिहिलेली आहे. कोडमध्ये नवा पर्याय घालून त्याचं वर्णन लिहायचं विसरलात, तरी ती चाचणी तुम्हाला पकडते.

कमिट, म्हणजे संदेशासह नोंदवलेला बदल, एका मुद्द्याचं एकच ठेवा. मी एकदा व्याकरण, रिकाम्या जागा आणि खरी चूक असं सगळं एकत्र बांधलं. तपासणाऱ्याला खरी चूक सापडेना. संदेशात ‘का’ लिहा, बगझिला या चुका नोंदवण्याच्या जागी तक्रार असेल तर तिचा दुवा द्या, आणि साइन-ऑफची, म्हणजे आपल्या नावाची हमी देणारी, ओळ विसरू नका. पहिल्या वेळी डेव्हलपर डिक्लरेशनही, म्हणजे हे काम द्यायचा हक्क आपल्याला आहे असं निवेदन, ईमेलनं पाठवावं लागतं. ऑफिसच्या वेळात लिहिलं असेल तर आधी कंपनीला विचारा, हक्क त्यांचा निघू शकतो.

मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्यायची विनंती, टाकली की चाचण्या आपोआप सुरू होतात. बाहेरच्या माणसाच्या बदलावर टीममधल्या दोघांची मान्यता लागते. सुधारणा सांगितली तर वर नवं कमिट चढवू नका. जुनंच दुरुस्त करून पुन्हा ढकला. दोन आठवडे कुणी बोललं नाही, तर नम्रपणे एक आठवण करा. सगळे कामातून वेळ काढून बघतात.

मान्यता मिळाली तरी मर्जचं बटण कुणी दाबत नाही. बदल ऑटोबिल्ड या स्वयंचलित यंत्रणेला लावतात, तिथे अख्ख्या चाचण्या काही तास चालतात आणि पास झाल्या तरच तो मुख्य शाखेत जातो. तुमच्याशी संबंध नसलेली एखादी चाचणी मध्येच पडली, तर टीमवाला तो पुन्हा लावतो. तोवर चहा घ्या.