स्टोन एज: अश्मयुगाच्या पटावरचा पहिला डाव कसा लावावा

डब्यावर मॅमथ, भाले आणि गुहा असलेले बोर्ड गेम आता बरेच आहेत. चित्र बघून निवडले तर फसायला होतं, कारण आतले खेळ एकमेकांपासून फार वेगळे निघतात. घरात पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर स्टोन एजची छोट्यांसाठी काढलेली आवृत्ती घ्या. 2016 साली जर्मनीत तिला मुलांच्या खेळांचा वार्षिक पुरस्कार मिळाला. एकमेकांना हरवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून टोळी जगवायची असेल तर 2020 सालचा पॅलिओ. पंधरा मिनिटांत काहीतरी हवं असेल तर ड्राफ्टोसॉरस; मात्र त्यात डायनासोर आहेत आणि माणसाशी त्यांची कधी गाठच पडली नाही, त्यामुळे 'अश्मयुग' म्हणून तो खपवू नका. चकत्या जोडत नकाशा वाढवायचा कार्कासॉन हा खेळ आवडणाऱ्यांसाठी त्याचाच 'हंटर्स अँड गॅदरर्स' हा 2002 सालचा भाऊबंद आहे.

पण दहा वर्षांच्या भाच्यापासून आजोबांपर्यंत सगळे एका पटाभोवती बसणार असतील, तर 2008 साली आलेला स्टोन एज अजूनही पहिला पर्याय आहे. दोन ते चार भिडू, तास-दीड तास. पत्त्यांवर मजकूर नाही, सगळी चिन्हं आहेत, त्यामुळे इंग्रजी न वाचणाऱ्यालाही पूर्ण खेळता येतो. रचनाकार बर्न्ड ब्रुनहोफर यांनी तो मिखाएल टुमेलहोफर या टोपणनावाने केला. इतिहासाच्या बाबतीत खेळ सैल आहे, शिकारी माणसं विटाही पाडतात आणि नदीतून सोनंही गाळतात. ते सोडून द्यायचं.

पट मांडणे

आधी सामान मोजून घ्या. लाकूड 20, विटा 16, दगड 12 आणि सोनं 10, असे 58 लाकडी तुकडे असतात. ते पटावर आपापल्या जागी ठेवा: लाकूड रानात, विटा मातीच्या खाणीत, दगड दगडखाणीत, सोनं नदीत. हा साठा मर्यादित आहे. नदीतलं सोनं संपलं की फासे कितीही चांगले पडले तरी हाती काही येत नाही.

प्रत्येकाला एक छोटा पट, 5 माणसं आणि 12 अन्न द्या. उरलेली माणसं (प्रत्येक रंगाची एकूण 10) बाजूला ठेवा. शेतीच्या पट्टीवर आणि गुणांच्या पट्टीवर प्रत्येकाची एकेक खूण शून्यावर लावा.

घरांच्या 28 चकत्या पिसून सात-सातचे गठ्ठे करा. जितके भिडू तितकेच गठ्ठे पटावर पालथे ठेवायचे, बाकीचे डब्यात परत. प्रत्येक गठ्ठ्याची वरची चकती उलटी करा. मग 36 पत्ते पिसून चार पत्ते उघडे मांडा. सगळ्यात उजवीकडचा पत्ता एका तुकड्याला मिळतो आणि डावीकडे सरकत गेलं की किंमत दोन, तीन, चार होते.

मूळ आवृत्तीत फासे घोळवायला चामड्याचा पेला आहे आणि नव्या डब्यात त्याला उग्र वास येतो. दोन दिवस उघड्यावर ठेवला की बराच कमी होतो. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तो बंद डब्यात टाकून विसरलात तर बुरशी धरेल, म्हणून कोरडा करूनच ठेवा.

फेरी कशी चालते

फेरीचे तीन भाग: माणसं पाठवणे, कामं करणे, जेवू घालणे.

पहिला भिडू एका जागेवर आपली हवी तितकी माणसं ठेवतो, मग डावीकडचा, आणि सगळ्यांची माणसं संपेपर्यंत असंच चालतं. एका पाळीत एकच जागा. ज्या जागेवर तुमची माणसं आधीच आहेत तिथे त्याच फेरीत आणखी भरता येत नाहीत, म्हणून 'आत्ता एक ठेवतो, नंतर बघू' हे चालणार नाही. शिकारीला कितीही माणसं जाऊ शकतात. रान, मातीची खाण, दगडखाण आणि नदी यांवर प्रत्येकी सात जागा. शेतावर एक माणूस, अवजारं बनवणाऱ्याकडे एक, आणि झोपडीत नेमकी दोन. दोन जातात, पुढच्या फेरीपासून तीन कामाला येतात. मुलांनी कसं काय विचारलं तर उत्तर ज्याचं त्याने द्यावं. घराच्या प्रत्येक चकतीवर आणि प्रत्येक पत्त्यावरही एकच माणूस बसतो.

चार भिडू असतील तर नियम इतकाच. तीन भिडूंत शेत, अवजारं आणि झोपडी यांपैकी एका फेरीत दोनच जागा वापरता येतात, आणि रान, खाणी व नदी यांवर प्रत्येकी दोघांचीच माणसं बसू शकतात. दोघेच खेळत असाल तर गावातल्या तीनपैकी दोनच, आणि रान, खाणी, नदीवर प्रत्येकी एकाचीच. हा नियम विसरला की दोघांचा डाव ओढाताणीशिवाय, पुळचट होतो. 'खेळ ठीक आहे, पण मजा नाही आली' असं म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

माणसं संपली की पहिला भिडू आपली सगळी कामं उरकतो, मग पुढचा. स्वतःच्या कामांचा क्रम आपण ठरवायचा आणि त्याला महत्त्व आहे. अवजार आधी घ्या, म्हणजे त्याच फेरीतल्या फाशाला ते वापरता येईल. सामान आधी गोळा करा, मग घर बांधा. पैसे न पुरल्यासारखं सामान कमी पडलं तर घरावर किंवा पत्त्यावर बसवलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

शेवटी जेवण. प्रत्येक माणसामागे एक अन्न, त्या फेरीत झोपडीतून आलेल्या नव्या माणसालाही. शेतीच्या पट्टीवर तुम्ही जितक्यावर आहात तितकं अन्न आपोआप मिळतं, बाकीचं साठ्यातून. कमी पडलं तर लाकूड, वीट असं काहीही एकास एक भावाने खाऊ घालता येतं. तेही नसेल किंवा द्यायचं नसेल तर 10 गुण वजा.

मग उरलेले पत्ते उजवीकडे सरकवा, डावीकडे नवे मांडा, गेलेल्या घरांखालच्या चकत्या उघडा आणि पहिल्या भिडूची खूण डावीकडे द्या. नवं घर फेरी संपल्यावरच उघडायचं. मध्येच उघडलं तर शेवटच्या भिडूला फुकटचा फायदा होतो.

फाशांचं गणित

नवखे इथेच हरतात. जितकी माणसं तितके फासे टाका, बेरीज करा आणि भागा: अन्नाला 2 ने, लाकडाला 3 ने, विटेला 4 ने, दगडाला 5 ने, सोन्याला 6 ने. बाकी सोडून द्यायची.

ती बाकीच सगळा घोळ करते. सोन्याच्या प्रत्येक फेकीत सरासरी अडीच ठिपके वाया जातात, मग तुम्ही एक फासा टाका की सात. लाकडावर सरासरी एक ठिपका, शिकारीवर अर्धा. म्हणजे ही त्या जागेची ठराविक घट आहे आणि माणसं वाढवली की ती वाटली जाते. नदीवर एकटा माणूस पाठवला तर सहापैकी पाच वेळा काहीच मिळत नाही. दोघे पाठवले तर सरासरी पाऊण सोनं, तिघे पाठवले तर सव्वाच्या किंचित वर, 1.33. पहिल्या माणसाने 0.17 आणलं, पण दुसऱ्याने 0.58 ची भर घातली. लाकडावर एकट्याची सरासरी 0.83, दोघांची बरोबर 2.

यातून दोन गोष्टी निघतात. नदी आणि दगडखाणीवर माणसं घोळक्याने पाठवा, तीनपेक्षा कमी असतील तर जाऊच नका. आणि एकटा उरलेला माणूस शिकारीला घाला: सरासरी दीड अन्न आणतो, स्वतःचं एक खातो आणि अर्धं उरवतो. फार नाही, पण नदीकाठी हात हलवत उभं राहण्यापेक्षा बरं.

अवजारं नेमकी या बाकीवर काम करतात. फासे पडल्यावर अवजार जोडायचं की नाही ते ठरवता येतं. सोन्यावर 11 पडले आणि हाताशी 1 चं अवजार असेल तर एकाचे दोन झाले. अवजाराची एक चकती फेरीत एकदाच वापरायची, वापरली की आडवी करायची, आणि तिचा आकडा तोडून वापरता येत नाही: 2 ची चकती म्हणजे दोन्ही ठिपके एकाच फेकीवर. पहिली तीन अवजारं तीन जागा भरतात, चौथ्यापासून त्यांचेच आकडे 2, मग 3, मग 4 असे वाढत जातात.

पहिल्या चार फेऱ्या

सुरुवातीचं 12 अन्न फसवं आहे. पहिल्याच फेरीत झोपडी साधली तर त्या संध्याकाळी 6 तोंडं, दुसऱ्या फेरीत पुन्हा 6, साठा शून्य. झोपडी नाही साधली तरी 5 आणि 5 जाऊन 2 उरतात. तिसऱ्या फेरीपासून शिकार टळत नाही, म्हणून निदान दुसऱ्या फेरीतच थोडं अन्न आणून ठेवा.

गावातल्या तीन जागांसाठी भांडा. पहिली पाळी तुमची असेल तर शेत की झोपडी हा प्रश्न येतो आणि त्यावर खेळणाऱ्यांत मतभेद आहेत. आमचं मत: पहिल्या फेरीत झोपडी, कारण लवकर आलेला माणूस डावभर काम करतो, पण दुसरी झोपडी घेण्याआधी शेत निदान एकदा सरकलेलं हवं. शेतीची पट्टी 10 पर्यंत जाते. तिथवर पोचणं क्वचितच जमतं, 5-6 झालं तरी शिकारीवरचा भार बराच उतरतो. गावात जागा नाही मिळाली तर एक जण उजवीकडच्या स्वस्त पत्त्यावर बसवा, उरलेले चार जण एकत्र लाकडावर घाला आणि त्याच लाकडांतून तो पत्ता उचला. लाकडाचा एक तुकडा देऊन मिळणारा पत्ता बहुतेक वेळा परवडतो.

घर बांधायला बसण्याआधी हिशेब करा. घराचे गुण म्हणजे वापरलेल्या सामानाची भाजक-किंमत: लाकूड, वीट आणि दगड मागणारं घर 3, 4, 5 मिळून 12 गुण देतं. काही घरांत तुकड्यांची संख्या आणि किती प्रकारचे हवेत तेवढंच ठरलेलं असतं, तिथे महागाचे तुकडे घाला. एक ते सात कितीही तुकडे चालणारं घर सापडलं तर सोनं साठवून ठेवा, सात सोन्यांचे 42 गुण होतात.

पत्ते आणि शेवटचे गुण

पत्त्याचा वरचा भाग लगेच काहीतरी देतो: अन्न, सामान, गुण, अवजार. एका प्रकारात भिडूंइतके फासे पडतात आणि प्रत्येकजण त्यातला एक उचलतो. 1 म्हणजे लाकूड, 2 वीट, 3 दगड, 4 सोनं, 5 अवजार, 6 शेती. पत्ता घेणारा पहिला निवडतो.

खालचा भाग शेवटी मोजायचा. हिरव्या पार्श्वभूमीवर आठ चिन्हं आहेत, प्रत्येक दोनदा. वेगवेगळ्या चिन्हांच्या संख्येचा वर्ग करा: तीनला 9, पाचला 25, आठला 64. दुसरं तेच चिन्ह आलं की त्याचा नवा संच, त्यात भर नाही. उरलेल्या पत्त्यांवर चार प्रकारची माणसं असतात. शेतकरी शेतीच्या आकड्याने गुणले जातात, अवजारवाले अवजारांच्या एकूण आकड्याने, घर बांधणारे घरांच्या संख्येने, आणि भगत तुमच्या माणसांच्या संख्येने. भगतांचे 5 आणि माणसं 8 असतील तर 40 गुण. म्हणून पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत एक प्रकार पकडा आणि तो पत्ता समोरच्याला जाऊ देऊ नका. शिल्लक सामानाचा दर तुकड्यामागे एक गुण.

डाव दोन प्रकारे संपतो. घरांचा एखादा गठ्ठा संपला तर ती फेरी जेवणासकट पूर्ण करून थांबा. नवी फेरी सुरू करताना चार पत्ते मांडता येत नसतील तर तिथेच.

पहिल्या डावात मुलं असतील तर लहानग्याला मोठ्याच्या जोडीला बसवा. लिंबूटिंबू म्हणून वेगळा खेळवला तर तो झोपडी अडवून बसतो आणि चौथ्या भिडूचा डाव बिघडतो.

उपाशी ठेवण्याची खेळी

दोन-तीन डाव झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतंच: जेवू घालण्यावर माणसं खर्चच करायची नाहीत, दर फेरीला 10 गुण सोडायचे, सगळे जण घरं, पत्ते आणि झोपडीवर लावायचे. नियमात हे बसतं. फक्त हाती असलेलं अन्न आधी द्यावंच लागतं, तुकडे मात्र वाचवता येतात. माणसं 8-9 वर गेली की ही खेळी भारी पडते, कारण दहा गुणांच्या बदल्यात शिकारीचे चार-पाच हात मोकळे होतात.

तोड आहे. अशा भिडूला झोपडी मिळू देऊ नका, पहिली पाळी तुमची असताना दोन माणसं तिथेच घाला. भगतांचे पत्ते महाग असले तरी उचला, त्याच्याकडे माणसं जास्त असल्याने तेच त्याला तारतात. आणि घरांच्या सगळ्यात उतरलेल्या गठ्ठ्यावर लाकडाची स्वस्त घरंसुद्धा बांधून टाका. त्याला डाव लांबायला हवा असतो. गठ्ठा दोन फेऱ्या आधी संपला तर आधीच सोडलेले गुण भरून काढायला त्याच्याकडे वेळ उरत नाही.