सगळ्यांना एकच डॅशबोर्ड? या चुका टाळा

नाशिकमधल्या अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांना मी पॉवर बीआयचे, म्हणजे आकडे आलेख-तक्त्यांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, रिपोर्ट बनवून देतो. नव्या ठिकाणी गेलो की बहुतेक वेळा पहिलं वाक्य तेच कानावर पडतं: "एवढा खर्च केला, पण उघडून कोणी बघत नाही." दोष सॉफ्टवेअरचा क्वचितच असतो. मालक, सुपरवायझर, अकाउंट्स, सेल्स अशा सगळ्यांच्या गळ्यात एकच डॅशबोर्ड बांधलेला असतो.

मालकाला सकाळी मोबाइलवर चार आकडे पुरतात: कालचा डिस्पॅच, थकलेली येणी, बँकेतली शिल्लक, रिजेक्शन. सुपरवायझरला चालू पाळीत कुठलं मशीन किती वेळ आणि कशामुळे बंद होतं ते हवं असतं. अकाउंट्सला आलेखांपेक्षा बिलवार तक्ता हवा, तोही एक्सेलमध्ये काढता येईल असा. म्हणून पान बनवण्याआधी प्रत्येकाला विचारा, "हा आकडा बघून तुम्ही काय करणार?" उत्तर आलं नाही तर तो आकडा त्यांच्या पानावर ठेवू नका.

रात्रपाळीची तारीख

ही चूक मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे मेहनतीच्या माणसावर ठपका येतो. एका कारखान्यात तिसरी पाळी रात्री ११ ते सकाळी ७. सुपरवायझरच्या रजिस्टरमध्ये ८४० नग, डॅशबोर्डवर १०५. तो रजिस्टर घेऊन थेट माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, माझी पोरं रात्रभर झोपली होती का?" त्याचं बरोबर होतं. मशीनची नोंद घड्याळाच्या तारखेनं होत होती, त्यामुळे १२ नंतरचे सगळे नग दुसऱ्या दिवसाच्या नावावर पडत होते. उपाय सोपा आहे. नोंदीच्या वेळेतून ७ तास वजा करा आणि 'उत्पादन दिनांक' असा वेगळा कॉलम करा. शॉप फ्लोअरचा प्रत्येक रिपोर्ट त्यावरच चालवा.

क्वालिटीवाल्यांच्या पानावर टक्क्यांची सरासरी काढू नका. एका लाइनवर १००० पैकी १० नग रिजेक्ट, म्हणजे १ टक्का. दुसरीवर १०० पैकी १०, म्हणजे १० टक्के. सरासरी ५.५ दिसते, पण खरं रिजेक्शन ११०० पैकी २०, म्हणजे सुमारे १.८ टक्के. आधी बेरजा, मग भागाकार.

अकाउंट्सच्या पानावर 'वर्षारंभापासून' हा आकडा तपासा. पॉवर बीआयच्या टोटलवायटीडी सूत्रात वर्षअखेर दिली नाही तर ते ३१ डिसेंबर धरतं, म्हणजे बेरीज जानेवारीपासून होते. आपलं आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला, तेव्हा ते सूत्रात लिहावंच लागतं.

आकडे कालचे की परवाचे?

डेटा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असेल तर तो गेटवेमार्फत, म्हणजे ऑफिसमधल्या मशीनवर चालणाऱ्या जोडणीच्या सॉफ्टवेअरमार्फत, इंटरनेटवरच्या पॉवर बीआयला जातो. शनिवारी शेवटचा माणूस मेन स्विच बंद करून गेला की रिफ्रेश, म्हणजे नवे आकडे येणं, थांबलं. लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फेल गेलं की ठरलेलं वेळापत्रकच बंद पडतं, ते हातानं सुरू करावं लागतं. फेल झाल्याचा मेल रिपोर्टच्या मालकीच्या खात्यावर जातो, आणि ते खातं कधीकधी नोकरी सोडून गेलेल्या एमआयएसवाल्याचं (रिपोर्ट सांभाळणाऱ्याचं) असतं! गेटवेचं मशीन चालू ठेवा, खातं बदला आणि प्रत्येक पानावर 'शेवटचं रिफ्रेश' ही वेळ ठळक दाखवा.

द्राक्ष निर्यात करणाऱ्यांनी एप्रिलची तुलना मार्चशी करून घाबरू नये. हंगाम उतरतोच. मागच्या हंगामातला तोच आठवडा शेजारी ठेवा.

सेल्सला कुणाचा डेटा दिसतो?

निफाडच्या सेल्सच्या माणसाला निफाडचाच डेटा दिसावा म्हणून रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात याचं बंधन, लावतात. लावूनही मालेगावचे दर त्याला दिसत असतील तर वर्कस्पेसमधली (रिपोर्ट ठेवलेल्या सामायिक जागेतली) त्याची भूमिका बघा. मेंबर किंवा कॉन्ट्रिब्युटर केलेल्या माणसाला हे निर्बंध लागूच होत नाहीत, व्ह्यूअरला, म्हणजे फक्त बघणाऱ्याला, होतात. भूमिका बदलल्यावर स्वतःच्या लॉगिनवर समाधान मानू नका. त्याला समोर बसवा, त्याच्याच मोबाइलवर रिपोर्ट उघडायला सांगा आणि मालेगाव शोधून बघा.