गोड्या पाण्यातील पाकटासाठी घरी मोठी टाकी : आखणी कशी करावी

कोकणात पाकट कोणाला दाखवावा लागत नाही. रापण ओढली की तो वाळूवर फडफडताना दिसतो, आणि जाणता मच्छीमार सर्वांत आधी त्याच्या शेपटीपासून हात दूर ठेवतो. मात्र घरातील टाकीत पाळला जाणारा पाकट हा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना अशा नद्यांच्या खोऱ्यांतला, पोटॅमोट्रायगॉन वंशाचा, पूर्णपणे गोड्या पाण्याचा मासा आहे. समुद्रातला पाकट शरीरात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी जुळवून घेतो, तर नदीतल्या या पाकटाने ती क्षमता गमावलेली आहे. म्हणून खाडीतले पिल्लू गोड्या टाकीत सोडणे किंवा या पाकटाच्या टाकीत समुद्राचे पाणी घालणे, हे दोन्ही प्रयोग जिवावर बेततात.

या छंदाकडे वळणारे बहुतेक जण आधी मासा पसंत करतात आणि मग टाकीचा विचार करतात. आपल्या किनाऱ्यावर हा क्रम उलटा हवा. मे महिन्यात विहिरीत किती आणि कसे पाणी उरते आणि जून महिन्यात वीज किती वेळ जाते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय काचेची मागणी नोंदवू नये.

सुरुवात मापाने करावी. सर्वत्र आढळणारा मोटोरो पाकट विकत घेताना बशीएवढा असतो, पण पुरेसे अन्न मिळाले तर त्याच्या अंगाची गोल तबकडी दीड ते दोन फुटांची होते, आणि मादी नरापेक्षा मोठी होते. तो तळावर राहणारा प्राणी असल्यामुळे त्याला उंची नव्हे, तळाचे क्षेत्रफळ लागते. टाकीची रुंदी पूर्ण वाढलेल्या तबकडीच्या किमान दुप्पट असावी, म्हणजे त्याला वळताना कडा दुमडाव्या लागत नाहीत. जोडीसाठी आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट उंच हे माप मी किमान मानतो. ‘सध्या छोट्या टाकीत ठेवू, मोठी नंतर करू’ असा विचार करणाऱ्याने पाकट घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वजनाचा हिशेब पाहू. वीस इंच पाणी भरले तरी या टाकीत सुमारे १५०० लिटर, म्हणजे दीड टन पाणी मावते. १९ मिलिमीटर जाडीची काच वापरल्यास काचेचेच वजन साडेतीनशे किलोच्या घरात जाते. वाळू आणि फिल्टर धरून हा सारा भार सुमारे तीन चौरस मीटर जागेवर येतो, म्हणजे दर चौरस मीटरला सहाशे किलोंहून अधिक. राहत्या घराच्या मजल्याची आखणी भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार गृहीत धरून केलेली असते. त्यामुळे स्लॅबवर ही टाकी ठेवण्याचा विचार अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय करू नये. पडवीत किंवा तळमजल्यावर, धुमस करून पक्क्या केलेल्या जमिनीवर जांभ्या चिऱ्यांचा ओटा बांधणे हा आपल्याकडचा उत्तम उपाय आहे, कारण खाऱ्या हवेत लोखंडी स्टँड काही वर्षांत गंजतो आणि रंगाच्या आतला गंज वरून दिसत नाही. ओट्यावर सिमेंटचा सपाट थर, त्यावर जाड प्लायवूड आणि वर थर्माकोलची चादर घालावी. जुन्या घरांचे दरवाजे अरुंद असल्याने टाकी जागेवरच जोडून घ्यावी, सिलिकॉन पूर्ण सुकू द्यावे आणि मग पाणी भरून आठवडाभर गळती तपासावी.

पाण्याचा विषय सर्वांत महत्त्वाचा असल्याने त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. पाकट भरपूर खातो आणि तितकाच अमोनिया सोडतो. त्यामुळे दर आठवड्याला तीस ते पन्नास टक्के, म्हणजे साडेचारशे ते साडेसातशे लिटर पाणी बदलावे लागते. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, जे या माशाला मानवते. पण खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे छोटे यंत्र घेऊन वर्षभर दर पंधरवड्याला आकडा वहीत लिहून ठेवावा. उन्हाळ्यात तो दुपटीने चढत असेल तर त्या काळापुरती दुसऱ्या गोड्या पाण्याची सोय लावल्यावरच पुढे जावे.

पावसाळ्यात अडचण वेगळी असते. साथीचे रोग टाळण्यासाठी ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, ते आवश्यकच आहे. परंतु त्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते. एका श्रावणात मी नेहमीच्या सवयीने थेट पंप लावून पाणी टाकीत सोडले आणि तासाभरात चार सिल्व्हर डॉलर मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले. तेव्हापासून माझ्याकडे हजार लिटरची साठवण टाकी आहे. तिच्यात पाणी चोवीस तास हवा सोडून मुरवायचे आणि वापरण्यापूर्वी क्लोरीनची चाचणी घ्यायची. रंग दिसलाच तर सोडियम थायोसल्फेट प्रमाणात घालायचे. विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे टीसीएल नसतानाही ही मुरवणी चुकवू नये. पागोळीचे पाणी वापरायचे असेल तर त्यात क्षार जवळजवळ नसतात, हे लक्षात ठेवावे. अशा पाण्याने टाकीचा सामू एकाएकी घसरतो आणि फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. तिसऱ्यांच्या उकळून धुतलेल्या शिंपल्या जाळीच्या पिशवीत घालून सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीत, टांगल्यास सामू आधार धरतो आणि गरज संपल्यावर पिशवी काढून घेता येते. उपसलेले पाणी गटारात सोडू नये. माडाच्या आणि सुपारीच्या आळ्यात ते खतासारखे लागू पडते.

शिंपल्या सामूवर परिणाम करतात, याच कारणाने पुळणीवरची वाळू टाकीत घालू नये. तिच्यात शिंपल्यांचा चुरा आणि मीठ असते, आणि ते पिशवीसारखे काढून घेता येत नाही. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकावे; बुडबुडे आले तर ती वाळू नाकारावी. बारीक, गोलसर दाण्यांची गारगोटीची वाळू निवडून ती चिमटीत चोळून पाहावी, कारण बोटाला टोचणारा दाणा पाकटाच्या मऊ पोटालाही टोचतो. इंचभर थर पुरे. टोकदार दगड, मुळांची जाळी, सजावटीची वस्तू असे काहीही ठेवू नये. डिसेंबर-जानेवारीतील रात्रींसाठी हीटर लावलाच तर तो सम्पमध्ये ठेवावा. टाकीत असलेल्या हीटरवर पाकट अंग टेकून बसतो आणि भाजतो.

सम्प टाकीच्या किमान एक तृतीयांश आकाराचा ठेवावा आणि ताशी पाच ते दहा वेळा सर्व पाणी फिरेल असा पंप निवडावा. फिल्टर पक्व होण्यास, म्हणजे त्यात हे जिवाणू पुरेसे वाढण्यास, सहा ते आठ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट दर लिटरला चाळीस मिलिग्रॅमच्या आत, सामू साडेसहा ते साडेसात आणि तापमान २६ ते २९ अंश हे लक्ष्य असावे. तांबे असलेली कोणतीही औषधे या टाकीत चालत नाहीत.

विजेचा विचार करताना ३ जून २०२० रोजी आलेले निसर्ग चक्रीवादळ आठवावे. त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. मुख्य पंप इन्व्हर्टरवर फार काळ चालत नाही. बॅटरीवर थेट चालणारा बारा व्होल्टचा एअर पंप घ्यावा. १५० अँपिअर-अवर बॅटरीवर २० वॅटचा पंप दोन दिवसांहून अधिक चालतो. एक हवेचा दगड टाकीत आणि दुसरा सम्पमध्ये सोडावा, म्हणजे फिल्टरमधले जिवाणूही जगतात. वीज नसेल तोवर खाऊ घालू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. शिंगू नदीतील काळा-पांढरा लिओपोल्डी आणि टोकांटिन्स नदीतील हेनलेई यांसारख्या पाकटाच्या काही प्रजाती नोव्हेंबर २०२२ मधील पनामा परिषदेत साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घेतल्या गेल्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्टांतील जिवंत विदेशी प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि ती केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावरून होते. खरेदीपूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी आणि विक्रेत्याकडून पावती व मूळ कागदपत्रे घ्यावीत. नको झालेला पाकट नदीत किंवा धरणात कधीही सोडू नये. सिंगापूरच्या जलाशयांत सोडलेले मोटोरो आता तिथे पिल्ले घालत आहेत.

शेपटीवरचा काटा करवती धारेचा आणि विषारी असतो. पाकट हलवताना जाळे वापरू नये, काटा त्यात अडकतो. पाण्यासह प्लास्टिकच्या घमेल्यात घ्यावा. काटा लागलाच तर जखम ४० ते ४५ अंश तापमानाच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तास-दीड तास बुडवून ठेवावी आणि रुग्णालयात जावे. टाकीत हात घालण्यापूर्वी पाकट कुठे आहे हे पाहावे, कारण वाळूत दडल्यावर त्याचे फक्त डोळे आणि त्यांमागची श्वासरंध्रे उघडझाप करताना दिसतात.

वेळापत्रक असे ठेवावे. दिवाळीनंतर ओटा आणि टाकी, थंडीत फिल्टर पक्व करणे, आणि मग सिल्व्हर डॉलरसारख्या मोजक्या माशांवर एक पूर्ण मे आणि एक पूर्ण जून काढणे. सकर मासा मात्र यांत घेऊ नये, तो पाकटाच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. या दोन महिन्यांत वहीतले आकडे सांभाळता आले, तर नारळी पौर्णिमेनंतर पाकट आणावा.

दुकानात तो आपल्यासमोर खाताना पाहावा. ज्याच्या शेपटीच्या मुळाशी कमरेची कूर्चा वर आलेली दिसते, किंवा ज्याच्या तबकडीच्या कडा वर वळलेल्या आहेत, तो घेऊ नये. घरी आणल्यावर पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी थेंबथेंब, तास-दोन तास मिसळावे आणि त्या दिवशी दिवे बंद ठेवावेत. दुसऱ्या दिवशी माडाच्या आळ्यातले, खत-औषध न पडलेल्या जागेतले एक गांडूळ धुऊन त्याच्यापुढे सोडावे. पाकट आधी हलत नाही. मग तबकडीची पुढची कड उचलतो, गांडुळावर चादरीसारखा पसरतो आणि श्वासरंध्रांतून वाळूचे दोन बारीक झोत सुटतात. तो खाऊ लागला की पुढच्या आठवड्यात कोळंबीचे सोललेले तुकडे आणि मिठाशिवायचा ताजा मासा आलटून पालटून सुरू करावा.