गाडीच्या लेदर सीटचं काम शिकताय? आधी कातडं ओळखायला शिका

संभाजीनगरात कुशनच्या दुकानावर काम शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवसापासून स्प्रे गन हातात हवी असते. माझं सांगणं एकच असतं, आधी सीटची चेन उघडून आतली बाजू बघ. उलट्या बाजूला मऊ, केसाळ तंतू दिसले तर ते कातडं. विणलेलं कापड दिसलं तर रेग्झिन. पुष्कळ गाड्यांत बसायची जागाच तेवढी कातड्याची असते, बाजू आणि पाठ रेग्झिनची. गिऱ्हाईकाला भाव सांगण्याआधी हे कळलंच पाहिजे.

आपल्या आजोबांच्या काळी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावायचे. विहिरीवरची मोट त्याच कातड्याची. गाडीचं कातडं बहुतेक वेळा क्रोमच्या क्षारांनी कमावतात. मीठ लावून टिकवलेलं कातडं धुतात, चुन्यात केस काढतात, मग क्रोम. तिथून ते फिकट निळं होऊन निघतं. क्रोमचं कातडं मऊ राहतं आणि उष्णता जास्त सोसतं. पुढे ते साधारण सव्वा मिलिमीटर जाडीला आणतात, तेल पाजतात. मग वरून रंगाचे थर, दाबून उठवलेले दाणे आणि शेवटी पॉलियुरेथेनचं पारदर्शक कोटिंग.

आपलं सगळं काम या कोटिंगवर चालतं. म्हणून ‘कातड्याला तेल पाजा’ म्हणत सीटवर खोबरेल चोळणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. तेल आत मुरत नाही, वर धूळ धरतं आणि पुढे रंगही बसू देत नाही.

सर्वांत आधी खराब होते ती ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड. चढता-उतरता घासली जाते, त्यात आपला ४२ अंशांचा मे महिना. तिथे निम्मा वेळ सफाईलाच द्या: सौम्य साबणाचा फेस, मऊ ब्रश, पांढरं फडकं. फडकं स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. मग अल्कोहोलने चिकटपणा काढा. भेगांत लवचीक फिलर पातळ भरा, वाळू द्या, ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. एकदाच जाड भरलेला फिलर माणूस बसला की तडकतो.

शेड जुळवताना रंगाचा ठिपका लपलेल्या जागी लावा, ड्रायरने वाळवा आणि दिवसाउजेडी बघा. ओला रंग फसवतो. रंग पाण्यात मिसळणारा, लेदरसाठीचाच घ्या. दाराला मारायचा पेंट सीटवर दुमडला की सोलून निघतो. गनने पातळ हात मारा, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. शेवटी मॅट टॉपकोट. सीट चकाकली की मालक खूश होतो, पण कंपनीतून आलेलं कातडं सहसा चकाकत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

उन्हाळ्यात गनचं काम सकाळी लवकर उरका. तापलेल्या सीटवर रंग पसरायच्या आत वाळतो आणि खरखरीत बसतो. कातड्याचं शास्त्रच शिकायची ओढ असेल, तर चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून हेच काम करते. तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी जरूर करा.