पावसाळा, लेन्स आणि बुरशी: डबा, सिलिका अन् मिठाची चाचणी

लेन्स ठेवायची सगळ्यात वाईट जागा म्हणजे तिच्यासोबत आलेली चामड्याची पिशवी. त्याखालोखाल लाकडी कपाटाचा खालचा खण. दोन्ही ओल धरून ठेवतात आणि दोन्हीत हवा खेळत नाही. मुंबईत, कोकणात, घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता ७५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. आकडा ६५ च्या वर आठवडेच्या आठवडे राहिला की काचेवर बुरशी धरायला तेवढं पुरतं. बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यामुळे लेन्स कितीही पुसा, ते टळत नाहीत. आपल्या हातात आहे ती फक्त आर्द्रता. ती ४० ते ५० मध्ये ठेवायची. ‘जितकं कोरडं तितकं बरं’ हेही खरं नाही. महिनोन् महिने ३० च्या खाली ठेवलं तर रबराच्या ग्रिप कडक होतात आणि फोकस रिंगमधलं ग्रीस सुकतं.

दोन-तीन लेन्स असतील तर भांड्यांच्या दुकानातला, झाकणाला रबरी रिंग आणि चारही बाजूंनी क्लिपा असलेला प्लॅस्टिकचा डबा चालतो. दहा लिटरचा पुरे. घेताना झाकणात कागदाची पट्टी अडकवून बंद करा आणि ओढून बघा. चारही बाजूंना पट्टी घट्ट बसली पाहिजे. एका कोपऱ्यात जरी सुळकन निघाली तरी तो डबा पोह्यांना ठेवा. लेन्स चारच्या पुढे गेल्या की विजेवर चालणारा ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घेणं सोयीचं. वीज तासभर गेली तरी दार बंद असेल तर आतला आकडा फारसा हलत नाही.

डब्यात हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं मापक, हवाच. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल चालतो, पण तो आठ-दहा टक्क्यांनी खोटं बोलू शकतो, म्हणून आधी त्याची मिठाची चाचणी करा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालत ओल्या वाळूसारखं करा. विरघळू द्यायचं नाही. पाणी वर तरंगलं तर ते टिपून घ्या. हे झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवा, मीठ मापकाला लागू देऊ नका, आणि रात्रभर हलवू नका. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, खोली थोडी गार-गरम असली तरी. सकाळी मापक ६९ दाखवत असेल तर तो ६ ने कमी दाखवतो. तसं मागे चिकटपट्टीवर लिहून टाका. हे न करता ‘आत ४५ आहे’ म्हणणाऱ्याच्या डब्यात खरे ५५ असू शकतात.

डब्यातली ओल शोषायला सिलिका जेलचे मणी ठेवायचे, पण ते किती लागतात याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ३० अंशांना ८५ टक्के दमट हवा दहा लिटर घेतली तर तिच्यात पाणी असतं जेमतेम पाव ग्रॅम. शंभर ग्रॅम सिलिका १५-२० ग्रॅम सहज ओढते. मग ती आठवड्यात का संपते? एक तर झाकण गळतंय, नाहीतर आत ओलसर कापडी पट्टा, फोमचे तुकडे किंवा अख्खी कॅमेरा बॅग कोंबली आहे. पाणी त्यात असतं. पट्टा काढून बाहेर ठेवा, बॅग तर बाहेरच.

निळी सिलिका ओली झाली की गुलाबी होते, नारिंगी सहसा हिरवट. रंग नसलेली पांढरी घेतली तर कोरडी असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. १०० ची १२० झाली की तापवायची वेळ झाली. ओव्हन १२० अंशांना दोन तास. गॅसवर करायचं तर जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, हलवत अर्धा तास. भिजलेल्या मण्यांना एकदम आच दिली की ते तडतडून फुटतात आणि भुकटी होते. निळ्या सिलिकेत कोबाल्टचं मीठ असतं, म्हणून ती कढई पुन्हा फोडणीला वापरायची नाही. तापलेली सिलिका झाकणाच्या काचेच्या बरणीत गार करा, मगच डब्यात. उघड्यावर गार केली तर स्वयंपाकघरातलीच वाफ पिऊन बसेल.

तांदूळ नको, त्याची पिठूळ धूळ लेन्सच्या फटीत जाते. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत, त्यांची वाफ काचेवर थर धरते.

ताम्हिणी किंवा माळशेजहून भिजून आल्यावर कॅमेरा तसाच डब्यात कोंडू नका. आधी बॅटरी आणि कार्ड काढा, कोरड्या मायक्रोफायबरने टिपा, झूम पूर्ण लांब करून पुसा आणि तीन-चार तास पंख्याखाली ठेवा. समुद्रकिनाऱ्याहून आला असाल तर पंख्याआधी गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं बाहेरून फिरवा, नाहीतर मिठाचा थर पुन्हा पुन्हा ओल ओढत राहतो. एसी खोलीतून बाहेर पडताना उलटं संकट. २३ अंशांचा कॅमेरा दमट हवेत नेला की काचेवर लगेच दव धरतं, कधी आतूनही. खोलीत असतानाच तो झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नका. धुकं धरलेलं असताना लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर ओल बोलावणं.

महिन्यातून एकदा तपासा. दोन्ही झाकणं काढून अंधारात मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून बघा. निकॉनच्या जुन्या एफ माऊंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, लेन्स सुटी असताना मिटलेलं असतं, तेव्हा माऊंटजवळची छोटी पट्टी बोटाने सरकवून धरा. सुटे ठिपके म्हणजे धूळ, त्यांची काळजी नको. सगळीकडे सारखी दुधी साय दिसली तर ती बहुधा तेलाची वाफ. कडेकडून आत पसरणारे कोळिष्टकासारखे धागे, ही बुरशी. थोडी असेल तर साध्या फोटोत काही कळत नाही. सूर्य समोर असला की मात्र कॉन्ट्रास्ट (उजेड-काळोखातला फरक) कमी होतो आणि चित्र धुरकटतं.

बुरशी बाहेरच्या काचेवर असेल तर ब्लोअर (हवा फुंकणारा रबरी फुगा) मारा, मग लेन्स क्लीनरचे दोन थेंब टिश्यूवर घेऊन मधून कडेकडे गोल पुसा. थेंब काचेवर टाकायचे नाहीत, कडेने आत झिरपतात. तो टिश्यू फेकून द्या. पुसूनही धाग्यांचे फिकट ठसे उरले तर तिथे कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ लेप, खाल्लं गेलंय, ते परत येत नाही. उन्हात ठेवून बुरशी मरते असं सांगतात, पण अतिनील किरणांचा मारक भाग काचच अडवते, आणि उघडी लेन्स उन्हात कागदाला आग लावू शकते. बुरशी लेन्सच्या आत असेल तर कारागिराकडे द्या, पण आधी विचारा, बुरशी कोणत्या काचेवर आहे? एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये असेल तर ती निघत नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्सचं काम असेल तर दुरुस्तीच्या पैशात बहुधा दुसरी जुनी लेन्स येते.