हार्मोनची टेस्ट करायचीय? आधी पाळीची तारीख लिहून ठेवा

मी पुण्यात एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन अशी सगळ्या हार्मोनची नावं असतात पण आज पाळीचा कितवा दिवस विचारलं की बायका म्हणतात "असेल दहावा-बारावा". मग आकडा येतो पण त्याचा अर्थच लावता येत नाही, आणि या टेस्ट काही स्वस्त नाहीत.

तर आधी दिवस मोजा. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, नुसते डाग दिसले तो नाही. रात्री उशिरा आली तर बरेच डॉक्टर दुसरा दिवस पहिला धरतात, म्हणून तारखेसोबत वेळ पण लिहा.

एफएसएच, एलएच आणि एस्ट्राडायोल (एस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. कारण असं की मेंदूतलं हायपोथॅलॅमस थांबून थांबून जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतं, त्यावर मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच-एलएच सोडते, ते ओव्हरीला (बीजकोशाला) कामाला लावतात, आणि ओव्हरीतनं आलेलं एस्ट्रोजेन वर जाऊन पिट्यूटरीला बास म्हणतं. पाळीच्या सुरुवातीला हे रोखणारं एस्ट्रोजेन तळाला असतं तेव्हाच खरा एफएसएच दिसतो. त्या दिवशी एस्ट्राडायोल चढलेलं असेल तर एफएसएच दबून नॉर्मल दिसतो आणि आपण उगाच निश्चिंत होतो, त्यामुळे पैसे वाचवायला ती टेस्ट गाळू नका.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. हेच एस्ट्रोजेन दोनेक दिवस चांगलं चढं राहिलं की रोखायचं सोडून एलएच उसळवतं, आणि तिथून साधारण ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडतं. ओव्हुलेशन किट लघवीत हाच एलएच पकडतं, पण पीसीओएसमध्ये (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) तो आधीच वाढलेला असू शकतो, मग किट खोटं पॉझिटिव्ह दाखवतं.

आता प्रोजेस्टेरॉन, इथे सगळ्यात जास्त घोळ. बीज फुटल्यावर मागे राहिलेलं कॉर्पस ल्युटियम ते बनवतं आणि आठवड्याभराने ते सर्वात जास्त असतं. २८ दिवसांनी पाळी येत असेल तर तो २१वा दिवस, ३५ दिवसांनी येत असेल तर २८वा, म्हणजे पुढच्या पाळीच्या ७ दिवस आधी. एका मिलीलिटर रक्तात ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं की बीज बाहेर पडलंय असं धरतात. पण ३५वालीनं २१व्यालाच रक्त दिलं की रिपोर्ट कमी येतो, घरी रडारड, आणि खरं तर तिचं बीज तेव्हा नुकतंच फुटत असतं!!

प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचं दूध आणणारं हार्मोन, झोपेत आणि टेन्शनमध्ये वाढतं. उठल्यावर दोन-तीन तासांनी द्या, आणि हडपसरवरून गर्दीच्या पीएमपी बसमध्ये उभ्यानं आलात, वर दोन जिने चढलात, तर आधी पंधरा-वीस मिनिटं शांत बसा, नंबर पुढे जाऊ दे. अ‍ॅसिडिटीच्या गोळीत डॉमपेरिडोन असेल तर त्यानेही ते वाढतं, स्ट्रिप सोबत आणा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने काही मशीनवर आकडे चुकतात. एएमएच (ओव्हरीत किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी टेस्ट) कुठल्याही दिवशी चालते.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर त्या महिन्यात घाई नको. ती गोळी प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करते आणि बंद केल्यावर येतो तो गोळी थांबल्याचा रक्तस्राव, त्याचा दुसरा दिवस धरून टेस्ट करायची की पुढची पाळी बघायची ते डॉक्टरांना विचारा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एफएसएच-एलएच दबलेलेच येणार.

आणि मूल होत नाही म्हणून टेस्ट करत असाल तर नवऱ्याची टेस्ट मागे ठेवू नका. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी. जिमसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्यूटरी एलएच-एफएसएच थांबवते, शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर जातात, आणि इंजेक्शन बंद केलं तरी परत यायला कित्येक महिने लागतात.